रन

रन : इंग्रजीतील क्रियापद व नाम. मूळ अर्थ पायांनी धावणे. प्राचीन इंग्रजीतील ‘रिन्नन’ आणि ‘इर्नन’ या रूपांतून हा शब्द घडला. जर्मन ‘रेनन’ हे त्याचे भावंड. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका शब्दावर सुमारे नऊ महिने काम केले आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदवले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ची होती.

धावण्यातील सलग गती हे ‘रन’च्या अर्थांच्या या पसाऱ्याचे मूळ. पाणी, अश्रू, वाहणारे नाक, धुण्यात जाणारा कपड्याचा रंग या साऱ्यांना हेच क्रियापद. जागचा न हलणारा रस्ताही गावाकडून गावाकडे ‘रन’ होतो. यंत्रयुगाने त्याला खरा जोर दिला, हे लेखक सायमन विंचेस्टर यांचे मत पटण्यासारखे आहे : आधी घड्याळ आणि इंजिन, पुढे संगणकाचा प्रोग्रॅम. यंत्र चालवणारा माणूस याच शब्दाने दुकान, शाळा, सरकारही चालवू लागला. मराठीत हा भार ‘चालणे’, ‘वाहणे’, ‘जाणे’, ‘पळणे’ अशी अनेक क्रियापदे वाटून घेतात, म्हणून अनुवादकाला दर वेळी संदर्भ तपासावाच लागतो. निवडणुकीत अमेरिकी उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार मात्र ‘स्टँड’, म्हणजे उभा राहतो. मराठीचा कल इथे ब्रिटिशांकडे.

नामाचे अर्थही असेच पांगलेले. पुस्तकाच्या एका वेळी छापलेल्या प्रती, नाटकाचे सलग प्रयोग, अंडी घालायला नदीत चढणारे सामन मासे, अमेरिकेत पायमोज्याचा उसवलेला धागा. बँकेवरचा ‘रन’ म्हणजे ठेवी बुडण्याच्या भीतीने सर्वांनी एकदम पैसे काढायला जाणे. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक बँकेसमोर अशाच रांगा लागल्या होत्या. भीती खोटी असली तरी या धावपळीनेच चांगली बँक कोसळू शकते, कारण ठेवींचा बराचसा पैसा कर्जाऊ दिलेला असतो.

मराठीत हा शब्द रुजला तो क्रिकेटमुळे. दोन्ही फलंदाजांनी खेळपट्टीची टोके बदलली की एक रन. चेंडू सीमापार गेला तर न पळताही चार किंवा सहा. वर्तमानपत्रांनी ‘धाव’ आणि ‘धावबाद’ रूढ केले, तरी मैदानावरची पोरे आजही ‘रन काढ’ असेच ओरडतात.