मूकपट ते बोलपट : टप्पे नोंदले गेले, फिती हरवल्या

७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. तिकीट होते एक रुपया. पॅरिसमधील त्यांच्या पहिल्या जाहीर खेळाला (२८ डिसेंबर १८९५) तेव्हा जेमतेम सहा महिने उलटले होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्ती चित्रित केली आणि हिंदुस्थानी माणसाच्या हाती कॅमेरा आला.

'पहिला चित्रपट कोणता?' हा वाद यानंतरचा. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी, तर दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. 'पुंडलिक' हे नाटकाचे चित्रण होते व त्यावरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली, म्हणून प्रथमपणाचा मान सामान्यतः फाळके यांना दिला जातो. मात्र 'पुंडलिक' पाहून निवाडा करावा म्हटले, तर त्याची प्रतच शिल्लक नाही. चार रिळांच्या 'हरिश्चंद्र'ची केवळ पहिली व शेवटची रिळे उपलब्ध आहेत. तीही १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या अर्देशीर इराणींच्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाचीही गत तीच. छायाचित्रे उरली, आवाज गेला.

असे का व्हावे? त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या सहज पेट घेत, दमट हवेत कुजत. खेळ थांबले की मालकाच्या लेखी त्यांची किंमत संपे. मग त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी त्या विकल्या जात. बोलपट आल्यावर तर मूकपटांना कोणी विचारीना. एक हजाराहून अधिक मूकपट या देशात निर्माण झाले. आज त्यांतले मोजकेच, तेही बहुधा तुकड्यांत, पाहता येतात.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे 'हरिश्चंद्र'नंतर तब्बल ५१ वर्षांनी. पी. के. नायर यांनी चिकाटीने शोध घेतला नसता, तर फाळके यांचे आज उपलब्ध असलेले चित्रपटही कदाचित हाती लागले नसते. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि असंख्य रिळे भस्मसात झाली. ज्यांच्या प्रती आधीच काढल्या होत्या, तेवढे चित्रपट वाचले.

सुदैवाने प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) टिकून आहे. उपलब्ध भारतीय बोलपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. फाळके यांच्याकडे साळुंके या पुरुष नटाने केलेली तारामती येथे दुर्गा खोटे यांनी साकारली आहे.