आजोबांच्या रेडिओची शीळ

फैजपूरच्या घरी आजोबांचा रेडिओ रात्री लांबचं स्टेशन लावलं की शीळ घालायचा. बिघडला म्हणून मीच तो भंगारात द्यायला लावला. परवा सहज आकडेमोड केली. १९१८ साली आर्मस्ट्राँगने काढलेल्या पद्धतीच्या रेडिओत स्वतःचा छोटा ऑसिलेटर असतो, लावलेल्या स्टेशनाच्या बहुधा ४५५ किलोहर्ट्झ वर. भिंतीपलीकडे काका जळगाव आकाशवाणी लावायचे. ९६३ अधिक ४५५, म्हणजे १४१८. आजोबांचा काटा नेमका तिथेच असायचा!

नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीतही ही भीती असतेच. तिथे ४५ मीटरच्या ३० अँटेना, सगळ्यांचे ऑसिलेटर ऑप्टिकल फायबरने एकाच तालात बांधलेले. त्यांची किंचित थरथरसुद्धा आकाशातला क्षीण संकेत बिघडवते.

असो. आजोबा तेव्हा म्हणाले होते, "हा आपला नाही वाजत रे."