भित्तिपत्रके, पॅरालिंपिक (शब्दप्रधान)

अपंगांच्या क्रीडास्पर्धांचा गौरव चित्राऐवजी मुख्यत्वे अक्षरे व शब्द यांच्या योजनेतून करणारा भित्तिपत्रकांचा प्रकार. या क्रीडाचळवळीचा उगम इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात झाला. तेथील मेरुरज्जू-विभागाचे प्रमुख लूटव्हिख गूटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, चाकांच्या खुर्चीवरील १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. पहिले पॅरालिंपिक सामने १९६० मध्ये रोम येथे झाले.

अपंग खेळाडूचे चित्र काढताना कलावंतापुढे दुहेरी अडचण उभी राहते. व्यंग ठळक केल्यास कणव जागी होते. ते झाकल्यास अपंगत्वच नाकारल्यासारखे होते. शब्दप्रधान मांडणीने या अडचणीतून एक वाट काढली. २०१२ च्या लंडन सामन्यांसाठी बारा कलावंतांकडून भित्तिपत्रके करवून घेण्यात आली. त्यांपैकी सहा पॅरालिंपिकसाठी होती. फियोना बॅनर हिने ‘सुपरह्यूमन न्यूड’ या भित्तिपत्रकात खेळाडूच्या देहाचे वर्णन केवळ शब्दांनी केले. त्यामुळे प्रेक्षकाला तो देह पाहण्याऐवजी वाचावा लागतो आणि वाचण्यास लागणाऱ्या वेळात ओझरत्या नजरेची सवय मोडते. बॉब अँड रॉबर्टा स्मिथ (पॅट्रिक ब्रिल या एकाच कलावंताचे टोपणनाव) याने ‘लव्ह’ मध्ये पाट्या रंगविणाऱ्या कारागिराच्या धर्तीची ठसठशीत रंगीत अक्षरे योजिली. ही सर्व भित्तिपत्रके टेट ब्रिटन येथे प्रदर्शित झाली.

त्याच वर्षी ऑलिंपिक संपताच ‘चॅनल फोर’ या दूरचित्रवाणी वाहिनीने पूर्वतयारीबद्दल ऑलिंपिकचेच आभार मानणारे मिस्कील जाहिरातफलक लावले. पॅरालिंपिकला दुय्यम मानण्याची रीत त्यात एका वाक्याने उलटविली होती. टोकिओ २०२० च्या (प्रत्यक्षात २०२१ मध्ये झालेल्या) सामन्यांच्या अधिकृत मालेत जपानी सुलेखनालाही स्थान मिळाले. डाउन लक्षणसमूह असलेल्या सुलेखनकार शोको कानाझावा हिने उंच भरारीचा भाव कुंचल्याच्या फटकाऱ्यांतून साकारला. येथे अपंग व्यक्ती चित्रविषय न राहता स्वतः निर्माती ठरली.

शब्दांची निवड मात्र वादातीत नाही. ‘अतिमानव’ या गौरवपदावर अनेक अपंगांनी आक्षेप घेतला. विजेत्याला देवत्व दिल्याने सामान्य अपंगांच्या शिक्षण, रोजगार व प्रवास या गरजा झाकल्या जातात, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रातील कणव टाळणारा शब्द अतिस्तुतीने तितकेच अंतर निर्माण करू शकतो, ही या कलाप्रकाराची मर्यादा होय.