‘संतमस’वर ढग आहेत का? दूरच्या ग्रहाची हवा कशी ओळखतात

डिसेंबर 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने एचडी 86081 या ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला भारतीय नावे दिली. तारा झाला ‘बिभा’. हे नाव मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या शास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून आहे. ग्रह झाला ‘संतमस’. हे संस्कृत नाव पुण्यातल्या एका 13 वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचवले होते आणि त्यातून ग्रहाचे वातावरण ढगाळ असावे असे सूचित होते. पण इतक्या दूरच्या ग्रहाची हवा तपासतात तरी कशी?

अधिक्रमण म्हणजे काय?

6 जून 2012 च्या सकाळी शुक्र सूर्यबिंबावरून सरकत होता. परभणीपासून मुंबईपर्यंत जिथे आकाश मोकळे होते, तिथे सुरक्षित चष्म्यातून तो काळ्या ठिपक्यासारखा दिसला. हेच अधिक्रमण. दूरच्या ताऱ्यासमोरून ग्रह गेला, तर ठिपका दिसत नाही; ताऱ्याचा प्रकाश फक्त किंचित कमी होतो. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला, तर ही घट साधारण 1 टक्का असते.

वायू कसा ओळखतात?

त्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. त्या तरंगलांबीला ग्रह जरा मोठा भासतो आणि प्रकाश थोडा जास्त घटतो. हा फरक वर्णपटात मोजला की वायू ओळखता येतो.

फरक मात्र अतिशय सूक्ष्म असतो. एचडी 209458 बी या ग्रहावर हबल दुर्बिणीने सोडियम शोधला, तेव्हा तो दहा हजारांत सुमारे दोन भाग इतकाच होता. बाह्यग्रहाच्या वातावरणातला घटक सापडण्याची ती पहिली वेळ. घोषणा 2001 मध्ये झाली. ऑगस्ट 2022 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला सुमारे 700 प्रकाशवर्षे दूरच्या वास्प-39 बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइडचा स्पष्ट पुरावा मिळाला.

ढग आले तर?

उंचावरचे ढग खालच्या वायूंच्या खुणा झाकतात. जीजे 1214 बी या ग्रहाचा हबलने घेतलेला वर्णपट जवळजवळ सपाट निघाला. त्यावरून 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे उंचावर ढग किंवा धुरके असल्याचे सांगितले.

मग संतमसचे काय?

संतमस सुमारे 2.14 दिवसांत बिभाभोवती फेरी मारतो. ताऱ्याच्या डळमळण्यावरून तो 2006 मध्ये सापडला. मात्र तो ताऱ्यासमोरून जाताना दिसलेला नाही. त्याची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत येत नसेल, तर त्याची हवा गाळून आलेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही आणि ही पद्धत तिथे चालत नाही. त्यामुळे नावातले ढग आज तरी कल्पनेतलेच आहेत.