द्विमितीय व त्रिमितीय संगणक-प्रदर्शन
संगणकावरील दृश्य सपाट किंवा खोलीच्या आभासासह दाखविण्याच्या पद्धती. दोन्ही डोळ्यांस दिसणाऱ्या प्रतिमांतील अल्प फरकातून खोलीचा बोध होतो, हे चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये दाखविले. हेच तत्त्व वापरून आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवावयाचा प्रदर्शक सादर केला. मान वळताच त्यातील आकृती बदलत असे. तथापि त्रिमितीय दृश्य प्रत्येक कामात सरस ठरत नाही. मार्क सेंट जॉन व सहकाऱ्यांच्या २००१ मधील प्रयोगांत आकार ओळखण्यास त्रिमितीय, तर वस्तूंचे परस्परसापेक्ष स्थान ठरविण्यास सपाट दृश्य उपयुक्त ठरले. कारण तिरकस दृश्यात दृष्टिरेषेवरील अंतर संदिग्ध राहते. विमानांमधील अंतर जोखताना अशी संदिग्धता घातक ठरू शकते. म्हणून प्रदर्शनाची निवड कामाच्या स्वरूपावरून करणे इष्ट असते.