माफी मागायची कुणी?

राजूर कॉलरीतल्या आपल्या बैठकीत परवा एका पोराने प्रश्न टाकला. ख्रिस्ती लोकांचा येशू पापांची क्षमा करतो, माणसाला नवा जन्म देतो, तेही फुकटात. मग आपला बुद्ध क्षमा का करत नाही? पोरं हसली. एक म्हातारी कोपऱ्यात बसली होती. तिची सारी उमर चुन्याच्या भट्टीवर गेली. ती हसली नाही. म्हणाली, "मले कायची माफी रे बाप्पा? म्या कोनाचं काय केलं?"

दोस्तहो, हे दोन्ही सवाल हसण्यावारी नेऊ नका. दीडशे वर्षं आपली माणसं या दोन सवालांच्या मधे उभी आहेत.

ख्रिस्ती शिकवण थोडक्यात अशी. पहिल्या माणसाने देवाची आज्ञा मोडली, तेव्हापासून सगळी माणसं पापी. दानधर्म, उपासतापास, यात्रा करून हे पाप फिटत नाही. येशूने क्रुसावर मरून सगळ्यांचा दंड भरला. जो विश्वास ठेवतो त्याला क्षमा मिळते आणि तो नव्याने जन्मतो. ही कमाई नाही, कृपा आहे. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथरने पोपच्या लोकांशी भांडण काढलं ते यावरूनच. तिथे पापाच्या माफीच्या चिठ्ठ्या पैसे घेऊन विकल्या जात होत्या.

आपला कार्यकर्ता लगेच म्हणेल, भट गेला आणि पाद्री आला, फरक काय? फरक आहे. आज राजूरला बसून नाही, एकोणिसाव्या शतकातल्या महारवाड्यात बसून ऐका. तिथे कर्माचा हिशेब चालायचा. मागच्या जन्मी पाप केलंस म्हणून महार झालास. मेलेलं ढोर ओढ, येसकरकी कर, पुढच्या जन्मी बघू. या सावकाराची वही कुणी पाहिलेली नाही आणि त्यात सूट कधी मिळत नाही. कर्मात क्षमा बसतच नाही. अशा माणसाला कुणी सांगितलं की तुझी वही फाडून टाकली, तुला पुढच्या जन्मापर्यंत थांबायची गरज नाही, तर त्याला काय वाटलं असेल?

१८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्ञानोदय मिशनऱ्यांचं पत्र. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती पोर थेट देवालाच विचारते. पंडिता रमाबाई तर जन्माने ब्राह्मण, संस्कृत पंडित. शास्त्रं धुंडाळून त्यांच्या हाती काय लागलं? बाई वाईट, आणि बाईला व शूद्राला या जन्मी मोक्ष नाही. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, असं त्या पुढे लिहितात. कृपा म्हणजे काय ते त्यांना १८९१च्या सुमारास उमगलं. ज्याला शास्त्राने दार लावलं, त्याला कृपेचा अर्थ लवकर कळतो.

आता दुसरी बाजू. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर अहमदनगरकडे महार-मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. मिशनऱ्यांना शंका: हे भाकरीसाठी आले, यांना पापाची जाणीव कुठे आहे? म्हणजे बघा, उपाशी माणसाने आधी आपण पापी असल्याचं कबूल करायचं. ज्याने त्याला उपाशी ठेवलं, त्याला विचारायला कुणी गेलं नाही.

बाबासाहेबांनी नेमकं इथे बोट ठेवलं. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदर सांगितला, आणि दक्षिणेतल्या चर्चमधली जातही काढली. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवरचं त्यांचं लिखाण त्यांच्यामागे, १९८९ साली, सरकारी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात छापलं गेलं. त्यातला मुद्दा असा: हिंदू असताना अस्पृश्याला सांगत होते, तुझी दशा तुझ्या कर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगतात, पूर्वजाच्या पापाने झाली. दोन्हीकडे गुन्हेगार तोच. भोवतालची समाजव्यवस्था सुटली. मग याला नवा जन्म कसा म्हणायचा?

भट्टीवरची म्हातारी ग्रंथ वाचलेली नाही. पण ती हेच म्हणत होती.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, १९८३ साली ती पुण्याला गेली. तीस वर्षं तिथे कृपेने होणारा नवा जन्म शिकवला गेला. त्याच काळात, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला आणि १६ला चांद्याला, आपल्या लोकांनी वेगळाच नवा जन्म घेतला. बावीस प्रतिज्ञांतली एकविसावी काढून बघा. आपला नवा जन्म होतो आहे असंच ती सांगते. शब्द जवळजवळ तोच! पण कुणाला गुडघे टेकून पाप कबूल करायला लावलं नाही. जुना धर्म सोडा म्हटलं, आणि लगेच बाविसावी: यापुढे बुद्धाच्या शिकवणीप्रमाणे वागेन.

आता पोराचा सवाल. बुद्ध क्षमा करत नाही, कारण तो न्यायाधीश नाही. अंगुलिमालाने माणसं मारली, भिक्खू झाला. पुढे भिक्षेला गेला तर लोकांनी दगड मारले. बुद्धाने त्याला म्हटलं, सोस. पण त्याच अंगुलिमालाने अडलेल्या बाळंतिणीपुढे सांगितलं की आर्यजन्म झाल्यापासून मी जाणूनबुजून जीव घेतला नाही. मागचं पुसलं गेलं नाही, तरी जन्म नवा. ही वाट कृपेपेक्षा कठीण आहे, हे आपण मान्य करावं.

आणि एक. ख्रिस्ती भावांना हिणवू नका. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना दिल्या. शिखांना त्या १९५६ला मिळाल्या, आपल्याला १९९०ला, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना अजून नाहीत. गावाच्या लेखी ते जुनेच, सरकारच्या लेखी मात्र त्यांची जात धुतली गेली.

म्हातारी उठताना म्हणाली, "ज्यानं मले विहिरीवरून हाकललं, तो नाही आला माफी मांगाले." त्यावर बैठकीत कुणी बोललं नाही. पुढच्या वेळी कॉलरीतल्या दोघा ख्रिस्ती कामगारांना बोलवायचं ठरलं आहे. रविवारी त्यांची उपासना असते, म्हणून बैठक शनिवारी संध्याकाळी.