श्रावणाबाहेरचा खेळ

रत्नागिरीच्या बायकांना खेळ नवा नाही. नवी आहे ती वर्षभर खेळायची मुभा, आणि तीही अजून सगळ्यांना मिळालेली नाही. शाळेत मुलींना खो-खो शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. नववीत आलेल्या चांगल्या धावणाऱ्या मुलीची आई मैदानाच्या कडेला येऊन म्हणायची, "बाई, आता पुरे हो, मोठी झाली ती." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की ते आलं कुठून, याचा शोध घ्यावासा वाटला. शोधता शोधता मी मंगळागौरीपाशी पोचले.

लग्न झाल्यावर पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी ही पूजा. सकाळी वशेळ्या जमायच्या, पत्री वाहायची, मुक्याने जेवायचं, संध्याकाळी हळदीकुंकू आणि रात्री जागरण. पुरुषमंडळी ओटीवर, बायका माजघरात. सारवलेल्या जमिनीवर पहाटेपर्यंत झिम्मा, पिंगा, फुगड्या, कोंबडा, सूप नाचवणं चालायचं. एरवी सुनेचा आवाज ओटीपर्यंत जाऊ नये अशी ज्या घराची शिस्त, त्याच घरात त्या रात्री पायांचे ठोके आणि हसणं शेजारच्या आगरापर्यंत ऐकू जायचं, आणि कुणी काही म्हणायचं नाही. देवीचं जागरण होतं ना ते.

त्या काळी या सुनांचं वय काय असायचं, हे आपण विसरतो. मुलींची आठव्या-नवव्या वर्षी लग्नं होत. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा केली, तर केवढा गदारोळ उठला. मुलीच्या लग्नाचं वय चौदा करणारा सारडा कायदा १९२९ साली झाला. तेव्हा जुन्या मंगळागौरीत फुगडी घालणारी ती 'नवी नवरी' म्हणजे आज माझ्यासमोर चौथी-पाचवीच्या वर्गात बसली असती अशी पोर होती. परकर सोडून लुगड्यात आलेल्या, सासरी दिवसभर पाणी ओढणाऱ्या पोरीला व्रताच्या आडून एक रात्र खेळायला मिळत होती. ज्या बायकांनी ही चाल जपली त्यांना हे पक्कं कळत होतं असं माझं मत आहे. पोरींना खेळ हवा असतो हे त्यांनी ओळखलं आणि देवीच्या नावावर तो मिळवून दिला.

ही मुभा सगळ्यांना नव्हती, हेही सांगायला हवं. विधवेला मंगळागौर नाही. देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन तीन महिन्यांत विधवा झाली. म्हणजे पुढच्या प्रत्येक श्रावणात घरात फुगड्या चालू असताना या मुलीने त्या नुसत्या पाहायच्या. पुढे ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच आपल्या बाया कर्वे. कर्व्यांच्या मुरुडने त्या दोघांवर बहिष्कार टाकला होता. आपल्या जिल्ह्यातल्या या घराचं नाव स्त्रीशिक्षणासाठी घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण मला गोदूबाईचं नाव निघालं की आधी ते आठ वर्षांचं, खेळायचं राहून गेलेलं पोर दिसतं.

मंगळागौर ही मुख्यतः ब्राह्मण आणि पांढरपेशा घरांतली. कुणबी, भंडारी, गाबीत वाड्यांतल्या बायकांचा खेळ गौरीगणपतीचा. लावणी उरकलेली, भात पोटऱ्यात येऊ लागलेलं, मुंबईहून चाकरमानी आलेले, माहेरवाशिणी आलेल्या. पाणवठ्यावरून तेरड्याची गौर आणायची, नव्या सुनेचा ओवसा भरायचा आणि रात्री अंगणात फेर धरायचा. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईला व्यायामाची काय गरज, असं शहाणी माणसंही म्हणतात. लावणी हे काम आहे. त्यात कंबर मोडते, मन मोकळं होत नाही. खेळात शरीर आपलं आपल्यासाठी वापरायचं असतं, आणि हा फरक त्या बायकांना चांगला ठाऊक होता. नाहीतर दिवसभर राबून आलेली बाई रात्री दोन-दोन तास फुगड्या कशाला घालेल?

फुगडीकडे मी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेच्या नजरेने पुष्कळ पाहिलं आहे. दोघींनी चवड्याला चवडे भिडवायचे, हात आडवेतिडवे गुंफून एकमेकींची मनगटं धरायची आणि अंग मागे टाकायचं. जी अंग मागे टाकायला घाबरते तिची फुगडी फिरत नाही, जागच्या जागी अडखळते. मागे टाकलं की तुमचा सगळा भार समोरचीच्या पकडीवर आणि तिचा तुमच्या. मान ताठ, डोळे समोरचीच्या डोळ्यांवर, म्हणजे भोवळ येत नाही. वेग वाढला की बोटांनी धरलेला हात सुटतो, मनगटाने धरलेला टिकतो. बसफुगडीत तर मांड्यांची कसोटी लागते. माझ्या संघातल्या तगड्या मुली त्यात चार उड्यांत बसकण मारत. मी सरावाच्या सुरुवातीला मुद्दाम फुगड्या घ्यायला लावायचे. पकड, तोल आणि भरवसा हे तीनही त्यात आहे.

आणि मनगट धरायचं म्हणजे स्पर्श आला. इथेच जुन्या खेळाची हद्द संपते. मंगळागौरीच्या माजघरात कुणाचं मनगट कुणी धरायचं हे जातीने ठरलेलं होतं. वाडीवाडीचे फेरही वेगवेगळे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात इथे सर्व जातींच्या बायकांची एकत्र हळदीकुंकवं झाली. १९३१ साली सर्व जातींना खुलं असं पतितपावन मंदिर उभं राहिलं. हळदीकुंकू म्हणजे एकीने दुसरीच्या कपाळाला बोट लावायचं, एवढीशी गोष्ट. तीसुद्धा घडवून आणावी लागली. मग शाळेच्या मैदानावर खो-खो आला आणि ती अडचणच उरली नाही. आठ जणी आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, नववी पाठलागावर. खो द्यायचा तर पाठीला हात लावावाच लागतो, गडी बाद करायचा तर शिवावंच लागतं. सड्यावरच्या वाडीतली आणि खालच्या आळीतली मुलगी एका रांगेत बसू लागली ती या नियमामुळे. शिक्षणाने जे केलं त्यात मैदानाचा हा वाटा कुणी फारसा मोजत नाही, म्हणून मी तो मुद्दाम नोंदवते.

खो-खोचे नियम १९१४च्या सुमाराला पुण्यात डेक्कन जिमखान्याने बांधले. बायकांची राष्ट्रीय स्पर्धा व्हायला मात्र १९६०-६१ उजाडलं. ती कोल्हापूरला झाली. १९७१ साली अचला देवरे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोत तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम महिला खेळाडूला मिळणारा पुरस्कार राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचा आहे. त्यांच्या सासरचं, झाशीच्या नेवाळकरांचं मूळ गाव आपल्या लांजा तालुक्यातलं कोट, हे मी प्रत्येक तुकडीला सांगत आले. पुढे रत्नागिरीच्या ऐश्वर्या सावंत, आरती कांबळे, अपेक्षा सुतार महाराष्ट्राकडून खेळल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं.

बायकांना थोडंसंच खेळू द्यायचं, ही रीत केवळ आपली नाही. गोल्फचं माहेर मानलं जातं त्या स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला १८६७ साली बायकांचा क्लब निघाला, पण त्यांना मिळालं ते चेंडू हलकेच खळग्यात ढकलण्यापुरतं हिरवळीचं मैदान. काठी खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं बाईला शोभत नाही, असं तिथल्या भल्या माणसांचं मत होतं. त्याच गावचा १७५४ साली स्थापन झालेला मुख्य क्लब बायकांना सभासद करून घ्यायला तयार झाला तो सप्टेंबर २०१४ मध्ये. म्हणजे आमच्या मुली राष्ट्रीय खो-खो खेळू लागल्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती! आणि गोल्फमध्येच ऑगस्ट २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकलं. तेव्हा तिची काठ्यांची बॅग उचलून तिच्याबरोबर चालत होती तिची आई. टीव्हीवर मी त्या मुलीइतकंच त्या आईकडे बघत होते. मुलीला मैदानावरून घरी न्यायला आलेल्या आया मी खूप पाहिल्या. बरोबर मैदानात उतरलेल्या फार थोड्या.

मुलींचा खेळ का सुटतो, याची कारणं मला तोंडपाठ आहेत. दहावी आली. उन्हात रंग काळवंडेल. चड्डी घालून पळताना लोक काय म्हणतील. गावाकडची शेवटची एसटी चुकेल. मैदानाजवळ नीटसं स्वच्छतागृह नाही, आणि पाळीच्या दिवसांत मुलगी येईनाशी होते ती कायमचीच. यातल्या काही गोष्टी सुटल्या आहेत. ट्रॅकपँट आली, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे लांबच्या वाडीतून येणाऱ्या मुलीच्या घरचं एक कारण तरी कमी झालं. स्वच्छतागृहाचं काम ग्रामपंचायत आणि शाळा समितीने मनावर घेतलं तर एका उन्हाळ्यात होण्यासारखं आहे. ते झालंच पाहिजे.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते मुलींच्या आयांशी. हल्ली मंगळागौरीच्या खेळांचे गट गावोगाव झाले आहेत. नऊवारी नेसून चाळिशी-पन्नाशीच्या बायका मंचावर खेळतात, स्पर्धा होतात, त्यासाठी आषाढापासून सराव चालतो. मला त्या गटांचं मनापासून कौतुक आहे. ज्या बाईला जिना चढताना धाप लागायची ती दोन महिन्यांच्या सरावाने तासभर झिम्मा खेळते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग भाद्रपद सरला की हा गट मोडतो आणि पुढच्या आषाढापर्यंत एकमेकींना फोनवरच भेटतो. हे मला सोसत नाही. बारा बायकांचा गट म्हणजे खो-खोचा पुरा संघ असतो. गुडघे दुखत असतील तर खो-खो नको, लगोरी खेळा, बॅडमिंटन खेळा, नुसती थाळीफेक करा, पण आठवड्यातले दोन दिवस ठरवून घराबाहेर खेळा.

मारुती मंदिराजवळचं शिवाजी स्टेडियम आहे, चंपक मैदान आहे, गावागावात शाळेचं पटांगण आहे. संध्याकाळी सहानंतर ते बायकांसाठी उघडं ठेवा, असा अर्ज तुमच्या गटाने मुख्याध्यापकांकडे द्या. अर्जावर दहा सह्या असल्या की सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि पहिल्या दिवशी जाताना नववीतल्या मुलीलाही बरोबर घेऊन जा.